मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



लोद असो, रामले असो, अश्दोद, दिमोना किंवा बीर शेवा असो, सकाळच्या वेळी आपल्या समाजातील आजी-आजोबा नातवंडांचे बोट धरून गनकडे निघालेले दिसतात. पाठीवर छोटी पिशवी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. गनेनेत दारात उभी असते. मूल आत शिरते आणि दुपारपर्यंत चिकणमाती, रंग, वाळू, गाणी आणि गोष्टी यांत रमून जाते. घरी येते तेव्हा तोंडात एक नवे हिब्रू गाणे असते आणि हाताला रंग लागलेला असतो. आपल्यापैकी पुष्कळ आजी मनात म्हणतात, दिवसभर नुसते खेळूनच आले, शिकले काय?

हा प्रश्न जुना आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचे खेळणे हेच त्याचे शिकणे, ही गोष्ट मोठ्या माणसांना पटवून देण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य घातले अशा एका मराठी बाईंची ओळख आज करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

प्रथम थोडे शब्दाविषयी. गन म्हणजे बाग. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रॉबेल या शिक्षकाने १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्याच नावाचे हिब्रू रूप गन येलादिम. पहिले हिब्रू गन १८९८ साली रिशोन लेझिऑन येथे निघाले. मराठीत हाच अर्थ बालवाडी या शब्दात आला. कोकणातून आलेल्या आपणा लोकांना वाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. नारळी-पोफळीची वाडी आपण पाहिली आहे, तिला पाणी शिंपले आहे. रोप जसे ओढून मोठे होत नाही, त्याला माती, पाणी आणि ऊन द्यावे लागते, तसेच मुलाचे. बालवाडी आणि तिची धाकटी बहीण अंगणवाडी, हे दोन्ही शब्द आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात ठाऊक आहेत. ते तेथवर पोहोचले त्यामागे ताराबाईंची हयात आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरात सुधारणेचे वारे होते आणि मुलींनी शिकावे याला विरोध नव्हता. त्या काळी हे मोठे भाग्य होते. ताराबाईंचे शिक्षण मुंबईत झाले आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. ज्या काळी मुलगी चौथी इयत्ता शिकली तरी पुरे असे लोक म्हणत, त्या काळी पदवीधर स्त्री म्हणजे नवलाची गोष्ट.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. परंतु हा संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास ताराबाई लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. आजही अशा बाईकडे समाज कोणत्या डोळ्यांनी पाहतो ते आपण जाणतो. मग शंभर वर्षांपूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना करावी. ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. तेथे त्या प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. पगार चांगला, मान मोठा. एकट्या बाईने जन्मभर सुखाने राहावे अशी ती नोकरी होती.

ती नोकरी त्यांनी दोन वर्षांच्या आतबाहेर सोडली. कारण झाले गिजुभाई बधेका.

गिजुभाई हे मूळचे वकील. आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे या विचारात असताना त्यांच्या वाचनात मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंचे विचार आले आणि त्यांनी वकिली सोडून भावनगर येथे १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. तेथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता. मुले गाणी म्हणत, नाटके करीत, झाडांना पाणी घालीत, गोष्टी ऐकत. भरघोस मिशांचे गिजुभाई मुलांत इतके रमत की लोक त्यांना प्रेमाने मिशाळ आई म्हणू लागले. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि १९२३ साली त्या भावनगरला जाऊन त्यांच्या सहकारी झाल्या.

येथे आपल्यासारख्या परदेशी वस्ती केलेल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ताराबाई मराठी, काम गुजरातीत. दुसऱ्या भाषेच्या मुलखात जाऊन त्यांनी ती भाषा आपली केली, तीत लिहिले आणि तीतच बालशिक्षणाचे मासिक चालविण्यास हातभार लावला. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३३ साली या संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती निघू लागली आणि ताराबाईंनी जे गुजरातेत मिळविले ते आपल्या मायबोलीत आणले. आईबापांसाठी, शिक्षकांसाठी सोप्या भाषेत त्या लिहीत राहिल्या.

१९३६ साली मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. दादर आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे आहे. तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुले शिशुविहारात येऊ लागली. जोडीला बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू झाले. काम नावारूपास आले. साधने होती, जागा होती, मुलांना वेळेवर आणून सोडणारे सुशिक्षित पालक होते. ताराबाईंनी तेथेच उर्वरित आयुष्य घालविले असते तरी त्यांचे नाव राहिलेच असते.

पण त्यांच्या मनाला एक टोचणी होती. ती समजण्यासाठी माँटेसरी पद्धतीचा उगम लक्षात घ्यावा लागेल. डॉ. माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात आपले पहिले बालगृह काढले ते सान लोरेंझो नावाच्या गरीब मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यांतून हुंदडत, भिंती खराब करीत. त्या मुलांसाठी ही पद्धत जन्मास आली. परंतु ती हिंदुस्थानात आली तोवर तिच्याबरोबर घासून-पुसून तयार केलेल्या लाकडी साधनांची पेटी आली होती. कमी-जास्त जाडीचे दट्टे, रंगांच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या, खरखरीत कागदाची अक्षरे. हे सारे विकत घ्यावयाचे तर पैसा हवा. त्यामुळे गरिबाच्या मुलांसाठी निघालेली पद्धत आपल्याकडे खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या मुलांची झाली. गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या त्या काळात, देशातली बहुसंख्य मुले खेड्यात असताना आपण शहरातल्या मूठभरांनाच हे देतो आहोत, हे ताराबाईंना खुपू लागले.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी दादर सोडून बोर्डी गाठले. आपल्याकडे या वयात माणसे पेन्शनीचे हिशेब करू लागतात.

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे समुद्रकाठचे गाव. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. २४ डिसेंबर १९४५ रोजी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. बालपणीच लग्न होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेल्या, पण शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या या बाई. ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. एक संसारातून बाहेर पडलेली आणि एकीचा संसार सुरू होण्यापूर्वीच संपलेला, अशा या दोघींनी मिळून हजारो मुलांचा संसार मांडला.

बोर्डीला पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण ज्या मुलांसाठी उघडली ती येईनात. दलित वस्तीतील आईबाप पहाटे कामाला जात. मुलाला अंघोळ घालून, केस विंचरून, गावातून चालवत बालवाडीत आणून सोडणार कोण? अंगावर धड कपडा नाही. शिवाय गावाच्या मध्यभागी पाय ठेवण्याची पिढ्यान्पिढ्यांची भीती. दार उघडे होते, पण दारापर्यंतचा रस्ता त्या मुलांसाठी नव्हता.

आपण दार उघडले, आता ती येत नाहीत तर त्यांचे नशीब, असे म्हणून ताराबाई गप्प बसल्या असत्या तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी उलट केले. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीने मुलांकडे जावे. त्या आणि अनुताई सामान घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून, शिंपून तेथेच मुलांना बसवू लागल्या. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी.

तेथे चाले काय? आजच्या गनमध्ये आपली नातवंडे जे करतात त्याहून ते फारसे निराळे नव्हते. प्रथम स्वच्छता. हातपाय धुणे, नाक पुसणे, नखे कापणे, केस विंचरणे. हा शाळेपूर्वीचा उपद्व्याप नव्हे, हाच पहिला तास. मग हावभावांची गाणी आणि गोष्ट. मग ज्याला जे आवडेल ते काम. आणि साधने? लाकडी पेटीऐवजी त्यांनी भोवताली पाहिले. समुद्र शिंपले देत होता. झाडे पाने, फुले आणि बिया देत होती. ओढ्यात गोटे होते, शेतात माती होती, रानात बांबू होता.

हे पैसे वाचविण्याचे कसब होते असे कोणी समजू नये. त्यामागे शास्त्र होते. मूल शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावते तेव्हा त्याला अंक येत नसतात, पण लहान-मोठे, कमी-जास्त हे त्याच्या मनात पक्के होते. पुढचे गणित यावर उभे राहते. चिंचोके आणि गुंजा वेगळे करताना, फुले ओवताना चिमटीत जे बळ येते तेच पुढे पेन्सिल धरावयास लागते. बंद डबीतले खडे आणि बंद डबीतले दाणे आवाजावरून ओळखणाऱ्या मुलाचा कान तयार होतो. त्यालाच पुढे जवळजवळच्या उच्चारांतला फरक कळतो. ओल्या वाळूत बोटाने गिरवलेले अक्षर पाटीवरच्या अक्षराआधी हाताला ठाऊक होते. एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणे, अंगण झाडणे, रोपाला पाणी घालणे ही घरातली कामे. पण ती करताना मूल आपले शरीर ताब्यात ठेवावयास शिकते, आणि आपण काहीतरी करू शकतो हा विश्वास त्याला येतो. गरिबाच्या मुलाला या विश्वासाची गरज सर्वांत जास्त, कारण त्याला इतर कोणी तो देत नाही.

बोर्डीच्या मागे कोसबाडची टेकडी आहे. भोवताली वारली आदिवासींचे पाडे. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली या भागातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. सावकार आणि जमीनदार यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या फुकट राबणारी ही माणसे. त्यांच्या मुलांना शाळा म्हणजे काय हेच माहीत नव्हते. १९५६-५७ च्या सुमारास ताराबाईंनी आपले केंद्र बोर्डीहून कोसबाडला हलविले. तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती.

येथे अडचण आणखी अवघड होती. झोपड्या दूरदूर, डोंगरउतारावर विखुरलेल्या. सहा-सात वर्षांचे मूल घरात रिकामे नव्हतेच. मुलगी असेल तर धाकटे भावंड कडेवर. मुलगा असेल तर गुरे राखणे. त्याने शाळेत यावे तर घरचे काम बुडते. आळस, अडाणीपणा, आदिवासींना शिकणे नकोच, असे बाहेरचे लोक म्हणत. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल का येत नाही हे त्यांनी घरात शिरून पाहिले आणि त्या कारणाप्रमाणे शाळेचाच आकार बदलला.

मुलगी भावंड घेऊन येते? मग भावंडासह येऊ द्या. अगदी तान्ह्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहाच्या मुलांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका आवारात आणली. ही विकासवाडी. बहिणीने अक्षरे गिरवावी आणि मधूनच उठून पाळण्यातल्या भावाला पाहून यावे. मुलगा गुरांमागे कुरणात जातो? मग शाळा कुरणात न्या. शिक्षकाने साहित्य घेऊन चराऊ रानात जावे, झाडाखाली बसावे, गुरे चरत असताना मुलांना जमवावे. तेथली पाने, दगड, पक्षी हाच पाठ. हिचे नाव कुरणशाळा. जगात ज्या मोठमोठ्या शिक्षणपद्धती निघाल्या त्यांत मुलाला शाळेच्या वेळापत्रकात बसविण्याचा विचार फार. येथे शाळेलाच मुलाच्या वेळापत्रकात बसविले.

सारे काही सोपे झाले आणि सगळी मुले शिकून मोठी झाली असे लिहिले तर ते खोटे होईल. पेरणी-कापणीच्या दिवसांत मुले गळत. पोटाची आग गाण्यांनी शमत नाही. काम मागण्यासाठी कुटुंब परगावी गेले की मुलाची पाटी तेथेच थांबे. हे दुखणे आजही पुरते गेलेले नाही. परंतु आदिवासी मूल शाळेत टिकत नाही याचे कारण त्या मुलात नसून शाळेत असू शकते, हा विचार कोसबाडने शिक्षणखात्यापुढे ठेवला. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले. १९९२ साली त्यांचेही निधन झाले. कोसबाडच्या टेकडीवरून या अनुताईंच्या आत्मकथनात या सर्व कामाची हकीकत वाचावयास मिळते.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज भारतभर तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. तेथे बाळांचे वजन होते, लसीकरणाची आठवण दिली जाते, खाऊ मिळतो. अनेक बालकांचे प्राण त्यामुळे वाचले असतील. मात्र पुष्कळ ठिकाणी ताईंवर नोंदवह्यांचा भार एवढा पडतो की शिंपले आणि चिंचोके बाजूला राहतात. नाव ताराबाईंचे उरले, पण खेळ मागे पडला असे होऊ नये एवढीच इच्छा.

आपणा इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्यांसाठी या चरित्रात काय आहे? या देशाने १९४९ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात पाच वर्षांच्या मुलाचे गनचे वर्षही धरले. आपल्यापैकी जे सुरुवातीच्या दशकांत आले त्यांची मुले त्या गनमध्ये गेली आणि आईबापांच्या आधी हिब्रू बोलू लागली. आईबाप उल्पानमध्ये अडखळत असता मूल माती मळताना, गाणी म्हणताना ती भाषा उचलून घरी आणीत होते. खेळातून शिकणे म्हणजे काय याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? आपल्या स्वतःच्या घरात तो घडला आहे.

तेव्हा नातवंड हात रंगवून घरी आले तर आज शिकलास काय असे विचारण्याऐवजी आज केलेस काय असे विचारावे. सांगू लागले तर ऐकावे. दुकानातले महागडे खेळणे आणण्यापूर्वी स्वयंपाकघरात पाहावे. चवळी आणि वाटाणे वेगळे करावयास द्यावेत, शब्बाथच्या तयारीत टेबलावर पेले मांडावयास सांगावे, पीठ मळताना एक गोळा त्याच्या हाती द्यावा. पाणी सांडेल, पीठ उडेल. उडू द्यावे. आणि ते काम चालू असता आपल्या मराठीत एखादी गोष्ट सांगावी. गनेनेत त्याला हिब्रू देईल. मराठी त्याला आपल्यावाचून कोणी देणार नाही, आणि ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, अशा मांडीवरच्या खेळातूनच येईल.

मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण उठून त्याच्या अंगणात जावे, एवढेच ताराबाईंनी केले. त्यासाठी त्यांनी मानाची नोकरी सोडली आणि उतारवयात टेकडी चढली. त्यांच्या स्मृतीस आमचे नम्र वंदन. झिख्रोना लिव्राखा.